‘नाटक करतोय’ म्हणणाऱ्यांसाठी

शंकर नगरात मी ज्या घरात भाड्यानं राहतो, त्याच्या समोरच्या बंगल्याच्या गेटवर एक सुरक्षारक्षक बसतो. रायपूरला पोस्टिंग होऊन आठवडा झाला नसेल, तोवर मी त्याला ओळखलं. नाव ठाऊक नव्हतं, पण जात कळली. आपली जात, फौजी. उभं राहण्याची पद्धत, पट्ट्याचं बक्कल, आणि साडेपाचला येणारा दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला की कपाळावर पडणारी आठी. चौकशी केली तर सांगली जिल्ह्यातले निवृत्त हवालदार निघाले. सासुरवाड राजनांदगावची म्हणून इकडे स्थायिक झालेले. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून दोघांनाही बरं वाटलं. त्यांच्या परवानगीनं हे लिहितो आहे. गाव, युनिट आणि नाव मात्र मुद्दाम गाळलं आहे.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती, पाऊस नुकताच थांबला होता. मी भाजी घेऊन परत येत होतो. गेटसमोर दहाबारा माणसांचं कोंडाळं. आत हवालदार जमिनीवर. एकानं त्यांच्या नाकाशी चप्पल धरलेली, दुसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबत होता, तिसरा घरातून चमचा आणायला धावलेला. अंग थडथडत होतं, पण एका तालात नव्हे. उजवा हात थांबायचा, तोवर डावा पाय सुरू व्हायचा. मान इकडून तिकडे हलत होती. मध्येच सगळं शांत व्हायचं आणि पुन्हा चालू. डोळे घट्ट मिटलेले.

गर्दीत एक तरुण होता, औषध कंपनीच्या प्रतिनिधीसारखी बॅग खांद्याला. तो जाणकाराच्या आवाजात म्हणाला, “ये मिर्गी नहीं है. आँख देखो, बंद है. नाटक कर रहा है.” आणि खात्री करायला त्यानं हवालदारांच्या दंडाला असा चिमटा काढला, की दोन दिवस काळा-निळा डाग होता.

मी गर्दी मागे हटवली, त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी भाजीची पिशवी ठेवली (कोथिंबीर वाया गेली, असो), आणि घड्याळ बघत बसलो. मी आल्यापासून अकरा मिनिटं. मग ते रडायला लागले, लहान मुलासारखे. पाच-सात मिनिटांनी मला ओळखलं. पहिलं वाक्य काय असावं?

“साहेब, मी नाटक नाही करत.”

मी एक शब्दही बोललो नव्हतो.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, आणि त्या वेळी समोरच्यावर ते म्हणायची पाळी मीच आणली होती. त्याकडे येतोच. आधी त्या बॅगवाल्या तरुणाचं बघू, कारण तो अर्धा बरोबर होता, आणि अशा अर्ध्या बरोबर माणसांनीच या आजाराचं सगळ्यात जास्त वाटोळं केलं आहे.

त्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. अपस्माराच्या, म्हणजे आपण ज्याला फेफरं, मिरगी किंवा आकडी म्हणतो त्याच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे राहतात, हातपाय एका लयीत झटके देतात आणि झटका साधारण दोन-तीन मिनिटांत आटोपतो. जीभ चावली तर ती बहुधा कडेला. हवालदारांच्या झटक्यात यातलं काहीच बसत नव्हतं. मिटलेले डोळे, मान डावी-उजवीकडे, थांबून थांबून चालणारी थरथर, दहा मिनिटांच्या पुढे गेलेला वेळ, शेवटी रडणं. हे दुसऱ्या एका आजाराचं चित्र आहे. त्याला ‘सायकोजेनिक नॉन-एपिलेप्टिक सीझर्स’ म्हणतात, थोडक्यात पीएनईएस. मेंदूत अपस्मारासारखं विजेचं वादळ उठत नाही, पण माणसाचा शरीरावरचा ताबा मात्र खरोखर सुटतो. निदानाची खात्रीची पद्धत म्हणजे व्हिडिओ-ईईजी. डोक्याला तारा लावायच्या, समोर कॅमेरा लावायचा आणि झटका येईपर्यंत थांबायचं. कधी काही तास, कधी काही दिवस. झटका दिसतो आहे आणि ईईजीच्या रेषा जाग्या माणसासारख्या चालल्या आहेत, असं एकाच वेळी दिसलं की निदान होतं.

म्हणजे तरुणानं ‘मिरगी नाही’ म्हटलं ते कदाचित खरं. ‘म्हणून नाटक’ हे कुठून आलं? मिरगी नसेल तर ढोंग, या दोनच खोल्या असलेल्या घरात आपण सगळे राहतो. तिसरी खोली आहे हे शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं. आणि मिरगीच्या नेमक्या लक्षणांची माहिती जेवढी जास्त, तेवढं ‘नाटक’ हा शब्द ठामपणे म्हणायचं धैर्य जास्त.

आता माझं.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी कंपनी कमांडर होतो. एका जवानाला फॉल-इनमध्ये झटका आला. नंतर पुन्हा दोनदा, एकदा रजा नामंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंटनं सांगितलं, “साब, फिट असली नहीं लगती.” मला तेवढं पुरलं. सगळ्या कंपनीसमोर मी त्याला म्हणालो, “नाटक बंद कर, बहुत देखे हैं तेरे जैसे.” तो म्हणाला, “साब, मैं नाटक नहीं कर रहा.” मी रजा दिली नाही. आणि झटके थांबले! मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. मेसमध्ये हा किस्सा मी ‘लीडरशिप’चं उदाहरण म्हणून सांगत असे.

झटके थांबले नव्हते. तो लपवायला शिकला होता. झटका येणार असं वाटलं की तो स्टोअरच्या मागं जाऊन बसायचा, आणि त्याचे दोन सोबती त्याला झाकायचे. हे मला युनिट सोडल्यावर तीन वर्षांनी त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की मला असंच घडवलं होतं. खडकवासल्याला सिक रिपोर्ट करणारा कॅडेट म्हणजे संशयित. ताप थर्मामीटरवर दिसला पाहिजे, हाड एक्स-रेवर दिसलं पाहिजे. जे दिसत नाही ते ‘मॅलिंगरिंग’. हा शब्द आम्ही सतराव्या वर्षी शिकलो आणि त्याचा अर्थ कधीच तपासला नाही. खरं तर कायद्यानं तो फार नेमका आहे. आर्मी अॅक्ट 1950 च्या कलम 46 मध्ये आजाराचं सोंग करणं हा लज्जास्पद वर्तनाचा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढ्या शिक्षेचा आरोप आहे, तर पुरावाही त्याच तोलाचा हवा ना? सोंग म्हणजे जाणूनबुजून, फायद्यासाठी केलेली फसवणूक. पीएनईएसमध्ये जाणूनबुजून हे अंगच नसतं. पण कलम 46 खाली आरोपपत्र क्वचितच निघतं. त्याची गरजच पडत नाही. ‘नाटक’ एवढा एक शब्द बरॅकमध्ये टाकला की खटला, पुरावा, शिक्षा सगळं एकाच दिवसात उरकतं.

“पण साहेब, स्वतः करत नाही तर शरीर आपोआप असं कसं करेल?” असं मला एका सुभेदार साहेबांनी विचारलं होतं. प्रश्न योग्य आहे. मी त्यांना विचारलं, तुम्ही झोपेत चाललेले आहात का? ते हसले. पायदळातला कोण चाललेला नसतो? अकॅडमीच्या कॅम्पमध्ये तिसऱ्या रात्री मी अर्धा किलोमीटर चाललो होतो आणि त्यातलं मला काहीही आठवत नाही. पाठीवर पॅक, हातात रायफल, पुढच्याच्या पाठीमागं अंतर बरोबर. पाय चालत होते, ‘मी’ नव्हतो. रायफल अडकली की हात आपोआप स्टॉपेज ड्रिल करतात, डोकं नंतर पोहोचतं. शरीराला माणसाशिवाय काम करता येतं, हे फौजीला पटवून द्यायला नको. पीएनईएसमध्ये डॉक्टर ज्याला ‘डिसोसिएशन’ म्हणतात ते याच जातीचं आहे. जाणिवेची आणि शरीराची जोडणी काही मिनिटं सुटते. धोक्याच्या वेळी शरीर ज्या तयारीत जातं, धडधड, धाप, थरथर, ती तयारी शत्रू नसताना सुरू होते. एकदा ती वाट पडली की पुढं ती क्षुल्लक कारणानंही उघडते. दिव्यांचा लखलखाट, वाद, कधी नुसतं दमणं. कधी काहीच नाही.

आणि इथं मला दुसऱ्या पक्षाशीही भांडायचं आहे. हा पक्ष सहानुभूतीवाला आहे. तो ‘नाटक’ म्हणत नाही, ‘टेन्शनमुळे होतं हो’ म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण त्याचा पुढचा शब्द ऐका: “टेन्शन घेऊ नका.” म्हणजे पुन्हा तेच. तुझ्या हातात होतं, तू घेतलंस. हवालदारांना आजपर्यंत टेन्शन न घेण्याचा सल्ला किती जणांनी दिला असेल याची त्यांनी मोजदाद सोडली आहे.

ताणाचा संबंध आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. या रुग्णांच्या आयुष्यात आघात, अत्याचार, दीर्घकाळची कुचंबणा जास्त आढळते. पण प्रत्येकाच्या बाबतीत एक ठळक कारण बोट ठेवून दाखवता येतं असं नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 मध्ये आपली निदानपुस्तिका बदलली तेव्हा, या गटातल्या निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अटच काढून टाकली. निदान झटक्याच्या स्वरूपावरून करायचं, चरित्रावरून नाही. आपल्याकडं मात्र उलटं. माणसाच्या घरात भांडण सापडलं की निदान झालं.

शिवाय ताणातही आम्ही प्रतवारी लावतो. रायपूरला राहणाऱ्याला हे रोज दिसतं. बस्तरातून जखमी जवान हेलिकॉप्टरनं इथंच आणतात. आवाज आला की शहर वर बघतं, आणि त्या जवानाला पुढं काही झालं तर सगळे समजून घ्यायला तयार असतात. हवालदारांनाही लोक विचारतात, “काश्मीरमध्ये काही झालं होतं का?” झालं असतं तर बरं, असा सूर असतो. त्यांना काश्मीरमध्ये काही झालं नाही. म्हणजे दोन टेन्युअर झाले, पण ते त्याबद्दल मजेत बोलतात. त्यांच्या तोंडून मला अडून अडून जे कळलं ते असं: भावकीतला बांधाचा तंटा, वडिलांच्या अंगठ्यावर भावानं घेतलेली सही, बायको एकटी तालुक्याच्या कोर्टात, आणि हे बाराशे किलोमीटरवर संत्री ड्यूटीला. फोनवर फक्त ऐकायचं. कमांडिंग ऑफिसरनं कलेक्टरला डीओ लेटर लिहिलं. मीही अशी डझनावारी पत्रं लिहिली आहेत. त्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ज्याला गोळी लागली त्याचा ताण सरकारी, ज्याचा बांध कोरला त्याचा ताण खाजगी. मेंदू ही विभागणी करत नाही.

बायकांचं तर आणखी वाईट. याच आजाराला आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ‘हिस्टेरिया’ म्हणून हसण्यावारी नेलं किंवा ‘बाहेरचं’ म्हणून मांत्रिकाकडं नेलं. कांदा हुंगवणं, मिरचीची धुरी, चटके. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायकांचे हाल झाले, त्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव फिरून काम केलं. महाराष्ट्रात त्यासाठी कायदा व्हायला 2013 साल उजाडलं, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. छत्तीसगडनं टोनहीविरोधी कायदा 2005 मध्येच केला होता, हे इथं येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मांत्रिकाला कायद्यानं अडवता येतं. नाकाशी चप्पल धरणाऱ्या सुशिक्षित शेजाऱ्याला कोण अडवणार? फॅमिली क्वार्टर्समध्ये मी स्वतः पाहिलेलं आहे, जवानाच्या बायकोला झटका आला की शेजारणी म्हणतात, “साहेब घरी आले की येतं बरं हिला.”

हिला येतं, त्याला येत नाही, हाही एक गैरसमज. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात या झटक्यांचा अभ्यास केला, तो तिथल्या स्त्रियांवरच्या प्रात्यक्षिकांमुळे गाजला. पण रेल्वे अपघातातून वाचलेल्या आणि कारखान्यातल्या धट्ट्याकट्ट्या कामगारांतही हाच आजार असतो, हे त्यानंच ठासून सांगितलं होतं. जगाला ते पटायला पहिलं महायुद्ध लागलं. 1915 मध्ये चार्ल्स मायर्सनं ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात छापला. खंदकातून मुके, आंधळे, लुळे, थरथरणारे सैनिक परत येत होते आणि शरीरात जखम सापडत नव्हती. मग सैन्यानं काय केलं? लंडनमध्ये डॉ. यीलंड यांनी मुक्या झालेल्या सैनिकाला बोलतं करण्यासाठी घशाला विजेचे झटके दिले आणि 1918 मध्ये त्यावर अभिमानानं पुस्तक लिहिलं. माझ्या ‘लीडरशिप’च्या किश्शाचा हा पूर्वज. पळून जाणं, भ्याडपणा असल्या आरोपांखाली ब्रिटिशांनी आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी 306 जणांना माफी मिळाली 2006 मध्ये. नव्वद वर्षांनी.

आपल्या लोकांची गोष्ट यात वेगळी आहे आणि ती कमी सांगितली जाते. फ्रान्सच्या आघाडीवरून जखमी होऊन आलेल्या हिंदी सैनिकांना ब्रायटनच्या रुग्णालयांत ठेवत. त्यांत हाताला जखमा झालेले बरेच होते, आणि साहेबांच्या मनात आलं की हे लोक परत जायला नको म्हणून स्वतःच गोळी मारून घेत असावेत. तिथल्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी 1915 मध्ये एक साधी गोष्ट केली, जी मी केली नाही. त्यांनी तपासलं. एक हजार जखमा तपासल्या, आणि त्या सरसकट आरोपाला आधार सापडत नाही असा अहवाल दिला. खंदकाच्या लढाईत हात आणि डोकंच वर राहतं, तर जखम हाताला होणार नाही तर कुठं होणार? ते हिंदी लोकांचे मोठे कैवारी होते असं नाही. त्यांच्या रुग्णालयाभोवती पहारा होता. पण आरोप करण्याआधी मोजावं एवढी शिस्त त्यांच्याकडं होती.

मोजलंच आहे, तर अलीकडचंही सांगतो. अमेरिकेत 2011 मध्ये माजी सैनिकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्यांच्या तपासणीसाठी दाखल झालेल्या माजी सैनिकांत सुमारे चौथ्या हिश्श्याला पीएनईएस निघाला, आणि नागरिकांतही जवळजवळ तेवढाच. म्हणजे फौजी कमकुवत नाही आणि खास मजबूतही नाही. फरक दुसरीकडं होता. झटके सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत नागरिकाला साधारण एक वर्ष लागलं, माजी सैनिकाला पाच. ही चार वर्षं कशात गेली असतील याची मला कल्पना आहे. स्टोअरच्या मागं.

आणि ज्यांना अजूनही हे किरकोळ वाटतं त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या अडीच पट आढळलं. नाटकानं माणसं मरत नाहीत.

हवालदारांना सहा वर्षं लागली. पहिला झटका रजेवर असताना, घरी. दुसराही घरीच. युनिटमध्ये सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी गणित मांडून पाहिलं. आपल्याकडं प्रकृतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच अक्षरांत होते आणि त्यातलं पहिलं अक्षर, एस, मनाचं. एस खाली गेला की नायब सुभेदारीचा विषय संपला. मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायचं तर कमांडिंग ऑफिसरनं एएफएमएसएफ-10 हा फॉर्म भरायचा, आणि तो फॉर्म भरला गेला हे लंगरमधल्या आचाऱ्यालाही संध्याकाळपर्यंत कळतं. तेव्हा त्यांनी सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर घरगुती कारण देऊन पेन्शन घेतली. मेडिकल बोर्ड नाही, कागद नाही.

त्या कागदाची किंमत काय असते ते धरमवीर सिंह यांच्या खटल्यावरून कळतं. माजी सैनिकांनी हा निकाल घरात छापून ठेवावा. सिग्नल्सचे जवान, 1985 मध्ये भरती, झटक्यांच्या आजारामुळे 1994 मध्ये बाहेर काढले गेले. बोर्डानं 20 टक्के अपंगत्व मान्य केलं, पण आजार सेवेमुळे नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं, नंतर बिघडलं तर सेवेमुळे बिघडलं असं मानायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर नाही. संशयाचा फायदा सैनिकाला. त्यांचं निदान अपस्माराचं होतं, पीएनईएसचं नव्हे, हे स्पष्ट करतो. पण तत्त्व तेच आहे. हवालदारांना या तत्त्वाचा आज काडीचा उपयोग नाही, कारण ज्या बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध भांडायचं ते बोर्डच झालं नाही. एका शब्दाच्या भीतीनं त्यांनी स्वतःचा हक्क स्वतःच्या सहीनं सोडून दिला.

बाहेर आल्यावर सहा वर्षं ते मिरगीच्या गोळ्या खात होते. आधी एक, मग दोन, मग तीन प्रकारच्या. पीएनईएसवर या गोळ्यांचा उपयोग नसतो. झोप मात्र येते, आणि रात्रपाळीच्या रखवालदाराला झोप म्हणजे नोकरीवर गदा. एकदा एका रुग्णालयात झटका लांबला म्हणून इतकं औषध शिरेतून दिलं की श्वासासाठी नळी घालावी लागली. शुद्धीवर आल्यावर तिथंच कोणीतरी ‘तो शब्द’ वापरला. म्हणजे आधी जीवघेणा अपस्मार समजून उपचार, आणि रिपोर्ट साफ आल्यावर ढोंगी म्हणून निरोप. एकाच इमारतीत, एकाच दिवशी.

आता वाचणाऱ्यांपैकी कोणी लगेच घरातल्या माणसाच्या गोळ्या बंद करू नका. ईईजी साफ आला म्हणजे अपस्मार नाही असं होत नाही. झटका नसताना काढलेला ईईजी खऱ्या अपस्मारातही साफ येऊ शकतो. पीएनईएस असलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणांना खरा अपस्मारही असतो. ‘डोळे मिटले होते’ एवढ्यावर निदान करणारा शेजारी आणि मेजर साहेब दोघेही धोकादायक. हे काम न्यूरॉलॉजिस्टचं आणि मानसोपचारतज्ज्ञाचं, दोघांनी मिळून. आपलं काम फार थोडं आहे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, वेळ मोजा, मोबाईलवर चित्रण करा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठा, कुठला झटका आहे ते तिथं ठरू द्या. चित्रण पुढं डॉक्टरला दाखवण्यासाठी, ग्रुपवर टाकण्यासाठी नव्हे. आणि चिमटा नाही.

तेवढं हवालदारांच्या बायकोनं केलं होतं. वहिनींच्या मोबाईलमध्ये चार चित्रणं होती, कोणी बघायलाच मागितली नव्हती. ती बघूनच डॉक्टरांनी व्हिडिओ-ईईजी सांगितला आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर झटका आला. मी तिथं होतो. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला सगळ्या कंपनी कमांडरांना ऐकवावंसं वाटलं: “तुमचे झटके खरे आहेत. तुम्ही ते करत नाही. हे मिरगीचे नाहीत, म्हणून मिरगीच्या गोळ्यांनी थांबले नाहीत. हा आजार ओळखीचा आहे, तुम्ही एकटे नाही, आणि यावर उपाय गोळ्यांपेक्षा वेगळा आहे.” हवालदारांनी दोनदा विचारलं, “खरे आहेत ना?” वहिनी बाहेर जाऊन रडून आल्या.

असं नीट समजावून सांगितल्यावरच काही जणांचे झटके कमी होतात. बाकीच्यांना बोलण्याचे उपचार लागतात: झटका येण्याआधीची चाहूल ओळखणं, त्या क्षणी लक्ष दुसरीकडं रोवणं, टाळलेल्या गोष्टींकडं हळूहळू परत जाणं. चमत्कार नाही. ब्रिटनमध्ये साडेतीनशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत, वर्षभरानंतर महिन्याच्या झटक्यांच्या संख्येत या उपचारानं ठोस फरक पडला नाही, पण माणसं जास्त कामाला लागली, जगणं सुधारलं. मला एक फौजी म्हणून हा निकाल निराशाजनक वाटत नाही. गुडघा पूर्ण बरा न झालेले किती जण आपण कामावर ठेवतो?

माझ्या जुन्या जवानाचा नंबर मी गेल्या महिन्यात शोधून काढला. आता गावी फवारणी पंपांचं दुकान आहे. ओळख पटल्यावर “जय हिंद साब” म्हणाला, मुलांची चौकशी केली. मी सगळं आठवणीनं सांगून माफी मागितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “साब, यहाँ नेटवर्क ठीक नहीं आता,” आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

हवालदारांच्या तीनपैकी एक गोळी डॉक्टरांनी पूर्ण उतरवली आहे, दुसरी उतरवत आहेत. गेल्या पाच आठवड्यांत दोन झटके आले. बंगल्याच्या मालकांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी रात्रपाळी बदलून दिवसपाळी दिली आणि गेटजवळची लोखंडी खुर्ची काढून प्लास्टिकची ठेवली, डोकं आपटू नये म्हणून. पुढची तारीख सोमवारची आहे. मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीबाहेर बाकावर बसताना ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं, असं हवालदारांनी मला विचारलं आहे. मी म्हटलं, साहेबांना दाखवायला आणलंय म्हणून सांगा.